पायाची वाट, चाकाची वाट

दोन परक्या देशांच्या हद्दीला थेट भिडलेली राष्ट्रीय राजधानी जगात एकच आहे, ती म्हणजे स्लोव्हाकियाची ब्रातिस्लाव्हा. शहराच्या पश्चिमेला ऑस्ट्रिया, दक्षिणेला हंगेरी, आणि चेक प्रजासत्ताकाची सीमाही मोटारीने तासाभराच्या आत. सकाळी व्हिएन्नातून निघालेला ट्रकचालक दुपारच्या जेवणापर्यंत जर्मन, स्लोव्हाक आणि हंगेरियन अशा तीन भाषांच्या मुलखांतून गेलेला असतो. त्यातली हंगेरियन तर इतर दोघींच्या कुळातलीही नाही. अशा ठिकाणी रस्त्यावरची सूचना नुसती अक्षरांत लिहून भागत नाही. वाक्य वाचून अर्थ लावेपर्यंत गाडी वळणाच्या पुढे गेलेली असते.

युरोपला हे मोटारीच्या बालपणीच कळलं. १९०९ साली पॅरिसमध्ये झालेल्या करारात चार धोक्यांची चित्रं ठरवली गेली: खाचखळगा, वळण, चौक आणि रेल्वेचं फाटक. पुढे वाहनं वाढली, वेग वाढला, आणि १९६८ साली व्हिएन्नात रस्त्यावरच्या चिन्हांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावध राहा, लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे सांगितलंय तसंच करा, आठ कोनांची लाल पाटी म्हणजे थांबा. भारतानेही १९८० साली या कराराला मान्यता दिली. म्हणून पुण्यात किंवा नागपुरात गाडी शिकलेल्या माणसाला स्लोव्हाकियातल्या बहुतेक पाट्या पाहताक्षणी ओळखीच्या वाटतात.

बहुतेक, सगळ्या नव्हे. ज्या ओळखीच्या नाहीत त्या सर्वांत महत्त्वाच्या आहेत. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला, तर त्याचा अर्थ ‘ह्लाव्ना त्सेस्ता’, म्हणजे मुख्य रस्ता. या रस्त्यावर चाललेल्याला पुढच्या चौकात आधी जायचा हक्क आहे. आपल्याकडे ही पाटी वापरात नाही, त्यामुळे नजर तिच्यावरून सरळ घसरते. आणि चौकात कुठलीच पाटी नसेल तर? तिथे उजव्या हाताचा नियम लागतो: उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, मग त्याची गल्ली कितीही अरुंद असो आणि तुमचा रस्ता कितीही रुंद. आपल्याकडच्या सवयीने ‘मोठा रस्ता आपला, म्हणजे हक्क आपला’ असं धरून चालणारा माणूस तिथे अपघात करू शकतो. वाहनं उजव्या बाजूने चालतात हा बदल दोन दिवसांत अंगवळणी पडतो. हक्काचा हा हिशोब अंगवळणी पडायला जास्त वेळ लागतो.

गावाच्या नावाची पाटीही तशीच. आपल्याला ती केवळ माहिती वाटते. स्लोव्हाकियात ती वेगाची आज्ञा असते. गावाचं नाव लागलं की ताशी ५० किलोमीटर, त्याच नावावर तिरकी लाल रेघ दिसली की गाव संपलं आणि मर्यादा ९०, द्रुतगती महामार्गावर १३०. ५०चा आकडा लिहिलेली वेगळी पाटी शोधत बसू नये. गावाच्या नावातच ती आली.

इथवर चित्रांनी काम भागतं. खरी अडचण सुरू होते ती चित्राखाली टांगलेल्या छोट्या आयताकृती पाटीपाशी. तिला ‘दोदात्कोवा ताबुल्का’ म्हणतात, जोडपाटी म्हणा. वरचं वर्तुळ जगातल्या कुणालाही कळतं, पण कुणाला, केव्हा आणि कुठपर्यंत, हे ही जोडपाटी सांगते आणि पुष्कळदा स्लोव्हाक शब्दांत सांगते. तिच्यावर सर्वांत जास्त भेटणारा शब्द ‘ओक्रेम’. अर्थ ‘वगळून’. ‘ओक्रेम त्सिक्लिस्तोव’ म्हणजे सायकलस्वारांना ही मनाई नाही. ‘ओक्रेम दोप्राव्नेय ओब्स्लुही’ म्हणजे त्या रस्त्यावर माल पोचवायला किंवा काही सेवा द्यायला येणारी वाहनं सोडून बाकी सगळ्यांना मनाई. हा एक शब्द ठाऊक नसला तर माणूस दोन्हीकडून चुकतो: जिथे जायला परवानगी आहे तिथून मागे फिरतो, आणि जिथे मनाई आहे तिथे इतरांच्या मागे बिनधास्त शिरतो.

आता शब्दांकडे वळू, कारण परदेशी माणूस ते जसे शिकतो त्यातच गफलत आहे. बहुतेक जण इंग्रजीच्या वाटेने जातात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे स्लोव्हाक, अशी यादी पाठ करतात. यादी वाईट नाही. पण इंग्रजीत पायी जाणारा आणि गाडीतून जाणारा एकाच शब्दाने आत शिरतो आणि एकाच शब्दाने बाहेर पडतो. आत जायला ‘एंट्रन्स’, बाहेर पडायला ‘एक्झिट’, मग तुम्ही चालत असा की ट्रक हाकत असा. स्लोव्हाक भाषेत तसं नाही. तिथे पायाची वाट वेगळी आणि चाकाची वाट वेगळी, आणि हा भेद जवळपास प्रत्येक शब्दात मुरलेला आहे.

दोन धातू लक्षात ठेवायचे. ‘खोद’ हा पायाचा, ‘याझ्द’ हा चाकाचा. (यातला झ ‘माझा’मधला.) ‘खोदेत्स’ म्हणजे पादचारी, ‘खोदनीक’ म्हणजे पदपथ, ‘प्रियेखोद’ म्हणजे पायी ओलांडायची जागा, तीच आपली झेब्रा क्रॉसिंग. रस्त्याखालून चालत जायचा बोगदा ‘पोदखोद’. इमारतीचं आत जायचं दार ‘व्खोद’, बाहेर पडायचं ‘वीखोद’. आता तेच उपसर्ग चाकाच्या धातूला लावा. वाहनांनी आत शिरायची जागा ‘व्याझ्द’, बाहेर पडायची ‘वीयाझ्द’, पुलाखालून जाणारा गाडीरस्ता ‘पोद्याझ्द’, वरून जाणारा ‘नाद्याझ्द’. गोलाला वळसा घालून जायचा चौक ‘क्रुहोवी ओब्याझ्द’. ‘क्रुह’ म्हणजे वर्तुळ. बोलताना मात्र त्याला सगळे नुसतं ‘क्रुहाच’ म्हणतात.

म्हणजे ‘व’ आत, ‘वी’ बाहेर, ‘पोद’ खाली, ‘नाद’ वर, ‘ओब’ भोवती. पाच उपसर्ग, दोन धातू, आणि शहरातल्या निम्म्या पाट्या उलगडायला लागतात. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. ‘गमन’ला ‘आ’ लावला की आगमन, ‘निर्’ लावला की निर्गमन, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तीच रचना, तीच बुद्धी. हे साम्य योगायोगाचं नाही. स्लाव्ह भाषा आणि संस्कृत एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. ‘याझ्द’चं मूळ आणि आपल्या ‘यान’चं मूळ भाषाशास्त्रज्ञ एकाच प्राचीन धातूकडे नेतात, संस्कृतात ‘या’, जाणे. स्लोव्हाकमध्ये गाडीला ‘वोझ’, वाहनाला ‘वोझिद्लो’ आणि रस्त्याच्या वाहनांसाठी राखलेल्या भागाला ‘वोझोव्का’ म्हणतात. हा ‘वोझ’ आणि आपला ‘वह्’ धातू सख्खे भाऊ. वाहन, वाहतूक, वाहक हे आपले शब्द त्या घरातलेच. इंग्रजीचा आडपडदा मध्ये न आणता पाहिलं तर स्लोव्हाक रस्ता आपल्याला बराच जवळचा आहे.

हा भेद निव्वळ व्याकरणाचा नाही, कायद्याचाही आहे. ‘झाकाझ व्याझ्दु’ म्हणजे वाहनांना प्रवेशबंदी. तुम्ही पायी खुशाल जा. ‘झाकाझ व्स्तुपु’ म्हणजे पाऊल टाकायलाच बंदी. दोन्ही पाट्यांचं इंग्रजी भाषांतर ‘नो एंट्री’ असंच होईल, आणि ते भाषांतर वाचणाऱ्याला काय करायचं ते कळणार नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर अंधारात चालणाऱ्या ‘खोदेत्स’ने अंगावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी किंवा जॅकेट घालायलाच हवं असा तिथला नियम आहे. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधारायला लागतं, धुकं उतरतं. अशा वेळी काळ्या कोटातला माणूस चालकाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. तिथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनी हा नियम नुसता दंडाच्या भीतीने पाळायचा नाही.

इंग्रजीची आणखी एक भानगड आहे, आणि ती स्लोव्हाक मुलांनाही छळते. रस्त्याची इंग्रजी एक नाहीच. ब्रिटनमध्ये ‘पेव्हमेंट’ म्हणजे पदपथ. अमेरिकेत तोच शब्द चाकाखालच्या डांबरी किंवा काँक्रीटच्या पृष्ठभागाला वापरतात. ब्रिटनमधला ‘सबवे’ म्हणजे पायी जायचा भुयारी मार्ग, अमेरिकेतला म्हणजे जमिनीखालची रेल्वे. पाठ केलेल्या यादीत एका इंग्रजी शब्दासमोर एकच स्लोव्हाक शब्द लिहिलेला असतो, पण तो इंग्रजी शब्द कुणाचा, हे यादी सांगत नाही. ‘खोदनीक’ आणि ‘वोझोव्का’ हे शब्द मात्र कुठेही गोंधळ करत नाहीत: एकावर चालायचं, दुसऱ्यावर गाड्या.

सगळ्यांत महाग पडणारा गोंधळ पेट्रोल पंपावर होतो. आपलं ‘पेट्रोल’ तिथे ‘बेन्झीन’. ‘पेत्रोलेय’ नावाचा शब्द आहे, पण त्याचा अर्थ रॉकेल. आणि ‘नाफ्ता’ म्हणजे डिझेल. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला नाफ्था म्हटलं की पेट्रोलच्या जवळचं काहीतरी हलकं तेल आठवतं, आणि तिथेच घात होतो. पेट्रोलच्या इंजिनात डिझेल गेलं की टाकी उपसण्यावाचून इलाज नाही. शब्दांवर विसंबायचं नसेल तर नळाच्या हँडलवरचं चिन्ह पाहावं: २०१८पासून युरोपीय संघात पेट्रोलला गोल आणि डिझेलला चौकोनी चिन्ह लावतात. देशातल्या सर्वांत मोठ्या तेलकंपनीच्या ‘स्लोव्हनाफ्त’ या नावातही हाच नाफ्ता आहे. तिचा ब्रातिस्लाव्हातला पूर्वज म्हणजे अपोलो हा तेलशुद्धीकरण कारखाना. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४मध्ये, अमेरिकन विमानांनी तो बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केला. २००५ साली डॅन्यूबवर झालेल्या नव्या पुलाला त्याचंच नाव दिलं आहे, ‘मोस्त अपोलो’. ‘मोस्त’ म्हणजे पूल.

आता देशाच्या कण्याकडे येऊ. साधा रस्ता ‘त्सेस्ता’, शहरातला ‘उलित्सा’, आणि वेगाचा महामार्ग ‘द्यालनित्सा’. ‘द्याल्का’ म्हणजे लांबचं अंतर. दूरवर नेणारा तो द्यालनित्सा. त्याच्या दिशादर्शक पाट्या हिरव्या असतात, तर शेजारच्या ऑस्ट्रियात महामार्गाच्या पाट्या निळ्या. स्लोव्हाकियात निळ्या पाट्या साध्या रस्त्यांवर दिसतात. ऑस्ट्रियातून येणाऱ्याने सीमा ओलांडल्यावर रंगांचा अर्थ बदलतो हे ध्यानात ठेवावं, कारण रंगाबरोबर पैशांचाही प्रश्न येतो. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीला द्यालनित्सावर जायचं तर ‘द्यालनिच्ना झ्नाम्का’ विकत घ्यावी लागते. २०१६पासून काचेवर चिकटवायचा कागद गेला; आता गाडीचा क्रमांक इंटरनेटवर नोंदवायचा, कॅमेरे तो तपासतात. वाटेत कुठेही टोलनाका लागत नाही, म्हणून हा रस्ता फुकट आहे असा नवख्याचा समज होतो. साडेतीन टनांवरच्या ट्रकांना अंतरानुसार टोल, ‘मीतो’, आणि तोही २०१०पासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने.

‘दे येदेन’, म्हणजे डी १, हा ब्रातिस्लाव्हाहून पूर्वेकडच्या कोशित्सेला जाणारा महामार्ग. हे अंतर ४०० किलोमीटरहून जास्त. १९७०च्या दशकात कामं सुरू झाली, चेकोस्लोव्हाकिया फुटला, १९९३ साली स्वतंत्र स्लोव्हाकिया झाला, देश युरोपीय संघात गेला, तरी डी १ सलग जोडला गेला नाही. कारण नकाशात दिसतं. देशाच्या आडवे कार्पेथियन डोंगर पसरलेत. व्हाह नदीची अरुंद दरी, घसरणारे उतार, अस्वलांचे येण्याजाण्याचे मार्ग, यांतून चार पदरी रस्ता न्यायचा. पूर्वेकडचा ब्रानिस्को बोगदा २००३ साली खुला झाला, पाच किलोमीटरला किंचित कमी. त्याच्या आधी त्या घाटात हिवाळ्यात ट्रक अडकून पडत. झिलिना शहराजवळचा विश्न्योवे बोगदा सुमारे साडेसात किलोमीटरचा. त्याचं मुख्य कंत्राट २०१४ साली दिलं गेलं, २०१९मध्ये ते मोडलं, मग दुसऱ्या कंत्राटदाराने काम हाती घेतलं. देशाच्या पूर्वेकडच्या लोकांनी या रखडपट्टीची मोठी किंमत मोजली आहे असं माझं मत आहे: कारखाने पश्चिमेला एकवटले, कारण माल तिथूनच वेळेवर निघतो.

विश्न्योवे बोगद्याचं काम रखडलं त्या वर्षांत वाहतूक स्त्रेच्नोच्या किल्ल्याखालून जात राहिली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला व्हाह, मध्ये जुना दुपदरी रस्ता. इथे दोन शब्द कायम लोकांच्या तोंडात असत: ‘कोलोना’, म्हणजे वाहनांची रांग, आणि ‘झाप्खा’, म्हणजे तुंबलेली वाहतूक. झाप्खाचा मूळ अर्थ काहीतरी गच्च दाबून बुजवणं. पोट साफ न होण्यालाही स्लोव्हाकमध्ये हाच शब्द. स्लोव्हाक रेडिओवरची वाहतुकीची बातमी ‘झेलेना व्ल्ना’, हिरवी लाट, या नावाने लागते. भाषा शिकणाऱ्याला याहून चांगला वर्ग नाही: तीच पाचपन्नास गावं, तेच शब्द, रोज नव्या क्रमाने. ‘ओप्खात्स्का’ ऐकलं की समजावं, पुढे रस्ता बंद, वळसा आहे. गंमत म्हणजे हा वळसा गाड्यांसाठी असूनही शब्द पायाच्या घराण्यातला. भाषा आपलेच नियम अधूनमधून मोडते.

महामार्गावर कोलोना लागली की तिथल्या चालकांकडून एक गोष्ट नक्की उचलण्यासारखी आहे. ‘झाख्रानार्स्का उलिच्का’, बचावाची गल्ली. गाड्या थांबायला लागल्या की सर्वांत डाव्या पदरातल्यांनी डावीकडे सरायचं, बाकीच्यांनी उजवीकडे. मध्ये रुग्णवाहिकेपुरती जागा उरते. मागे भोंगा वाजल्यावर नाही, रांग लागतानाच. ती कायद्याने बंधनकारक आहे आणि लोक ती बऱ्यापैकी पाळतात.

रेल्वेच्या फाटकाला ‘प्रियेत्सेस्तिए’ म्हणतात. तिथला पांढरा दिवा आपल्याला अपरिचित. लुकलुकता पांढरा दिवा म्हणजे यंत्रणा चालू आहे आणि गाडी येत नाही. अशा वेळी फाटकाआधीच्या ५० मीटरपासून वेग ताशी ५०पर्यंत चालतो. पांढरा दिवा नसेल तर ३०. लाल लागले की थांबायचंच. २००९च्या फेब्रुवारीत पोलोम्का गावाजवळ अशाच एका फाटकावर रेल्वे आणि बसची टक्कर होऊन १२ माणसं गेली. देशाने राष्ट्रीय दुखवटा पाळला.

गाडी न चालवणाऱ्यांसाठी शहरात ‘एलेक्त्रिच्का’ आहे, ट्राम. चेक लोक तिला ‘त्राम्वाय’ म्हणतात. दोन्ही भाषा एकमेकींना सहज कळतात, पण ट्रामपाशी त्या वेगळ्या होतात. जिथे थांब्याला चौथरा नाही आणि लोक थेट रस्त्यावरून ट्राममध्ये चढतात, तिथे मागच्या मोटारींनी थांबून राहायचं असतं. बसच्या वेळापत्रकात आकड्याशेजारी एकमेकांवर आडवे टाकलेले दोन हातोडे दिसतील. ते कामाच्या दिवसांचं चिन्ह. क्रूस दिसला तर रविवार आणि सुट्टीचे दिवस. हे ठाऊक नसलेला माणूस रविवारी सकाळी हातोड्यांच्या बसची वाट पाहत उभा राहतो.

मराठी माणसाने हे सगळं का जाणून घ्यावं, याला एक अगदी ठोस कारण आहे. ५४ लाख वस्तीचा हा देश वर्षाला सुमारे १० लाख मोटारी बनवतो. लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वांत जास्त. ब्रातिस्लाव्हा, त्रनावा, झिलिना आणि नित्रा या चार ठिकाणी मोठे कारखाने आहेत. त्यातला नित्राचा, २०१८ साली सुरू झालेला, जॅग्वार लँड रोव्हरचा. आणि ती कंपनी २००८पासून मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा समूहाच्या मालकीची. पुण्या-मुंबईचा आणि नित्राचा संबंध असा थेट जुळलेला आहे.

तिकडे जाणाऱ्यांना एवढीच विनंती: दारू प्यायल्यावर गाडीला हात लावू नका, तिथली मर्यादा शून्य आहे, दिवसाही दिवे लावून चालवा, तो कायदा आहे, आणि एक शब्द आधीच तोंडात बसवून घ्या, ‘नेहोदा’, अपघात. ११२ हा क्रमांक लावा, नेहोदा म्हणा, रस्त्याचं नाव सांगा आणि कडेच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा वाचून दाखवा. मदत निघायला तेवढं पुरतं.